फडक्यावरचा आळ

कतारमधल्या मेसईदला कंपनीचं घर मिळालं, त्या दिवशी सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर माझ्या बायकोने एकच प्रश्न विचारला, “ही जमीन धुवायची कशी?”

प्रश्न रास्त होता. घरभर लाकडी जमीन होती. अरुंद, तांबूस, गुळगुळीत पॉलिशच्या फळ्या एकीला एक जोडून बसवलेल्या. आम्ही वसईचे, घरात लादी आणि लादीवर रोज पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक. हे घर कधीकाळी गोऱ्या इंजिनियरांसाठी बांधलेलं होतं. ते बुटक्या खांबांवर उभं होतं, त्यामुळे फळ्यांच्या खाली एक पोकळी राहिली होती. माणूस पोटावर रांगत जाईल एवढीच तिची उंची. भोवती विटांची भिंत, भिंतीत ठिकठिकाणी झरोके, आणि प्रत्येक झरोक्यावर चार स्क्रूंनी बसवलेलं पत्र्याचं झाकण. गोरे निघून गेले, घरं जुनी झाली, तेव्हा ती आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली. शिळं असलं तरी साहेबाचं ताट, त्यामुळे मी खूष होतो.

खूष असायला आणखी मोठं कारण होतं. त्याआधी दोन वर्षं मी बॅचलर कॅम्पात एका खोलीत चौघं, अशी काढली होती. घर मिळालं म्हणून बायको आणि मुलगी वसईहून येऊ शकल्या. घर गेलं तर दोघी परत वसईला आणि मी परत कॅम्पात, कारण फॅमिली क्वार्टरची यादी लांबलचक होती आणि माझा नंबर एकदाच लागायचा होता. हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं. त्या घरात आम्ही खुर्चीसुद्धा उचलून ठेवायचो, सरकवायचो नाही.

घराबरोबर नियमांचे दोन इंग्रजी कागद मिळाले होते. ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवले, जिथे जमेल तिथे माझी टिप्पणी जोडून. भिंतीला खिळे ठोकू नयेत. लाकडी जमिनीवर पाणी ओतू नये, पुसायचं झालं तर फडकं घट्ट पिळून घ्यावं. घराखालच्या झरोक्यांची झाकणं काढू नयेत.

“बघ,” मी म्हणालो, “यांना हवेची अक्कल नाही. कोंडलेली जागा सडते, हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल.”

माझे वडील वाडीतल्या वखारीत भाताची पोती कधी जमिनीवर ठेवत नसत. खाली विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती. “खालून हवा खेळती पाहिजे,” हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला प्रार्थनेच्या बरोबरीने पाठ होतं. इथे तर बांधणाऱ्याने झरोके ठेवले आणि नंतर कुणा शहाण्याने ते बंद केले! मी पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मे महिन्याच्या उन्हात, सगळी झाकणं काढली. स्क्रू एका जॅमच्या बाटलीत जपून ठेवले, कारण मी व्यवस्थित माणूस आहे.

झरोके उघडे झाल्यामुळे दुसरीही सोय झाली. एसीचं पाणी ठिबकून दारासमोर डबकं व्हायचं आणि मुलीचे बूट भिजायचे. मी एसीची नळी उचलून एका झरोक्यात खुपसली. पाणी दिसेनासं झालं. बायकोने विचारलं, “आत कुठे जातं ते?” मी म्हणालो, “वाळूत. वाळू पिऊन टाकते.” ती मान हलवून आत गेली. माझ्या अभियांत्रिकीवर तेव्हा तिचा विश्वास होता.

आता माझी नोकरी काय होती ते सांगतो, म्हणजे हसायचं ते इथेच हसून घ्या. मी खताच्या कारखान्यात युरियाच्या गोदामाचा सुपरवायझर होतो. युरियाला दमट हवा लागली की त्याचे दाणे एकमेकांना चिकटतात आणि ढेकळं होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात मेसईदला समुद्रावरून अशी हवा येते की एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो आणि गाडीच्या काचेवरून बाहेरून पाणी ओघळतं. त्या दिवसांत मी गोदामाच्या दारात उभा राहून ट्रकवाल्यांवर आणि फोर्कलिफ्टवाल्यांवर घसा फोडायचो, “यल्ला, चलो, दरवाजा बंद करो! हवा अंदर नहीं आनी चाहिए!” दिवसभर हे करून मी घरी यायचो आणि उघड्या झरोक्यांकडे समाधानाने बघायचो. भारतातली धरून बारा वर्षं हे काम केलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

सप्टेंबरात जमीन बिघडली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते मुलीच्या. ती अनवाणी हॉलमधून पळत गेली, थांबली आणि पायाने चाचपत म्हणाली, “डॅडी, द फ्लोअर इज बम्पी.” तिच्याशी मराठीत बोललं तरी उत्तर इंग्रजीतच यायचं. मी गुडघ्यांवर बसून हात फिरवला. खरंच, प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या आणि मधला भाग खाली राहिला होता. सगळी जमीन कौलं उताणी मांडल्यासारखी झाली होती. आठवड्याभरात बेडरूमचं दार खाली घासायला लागलं.

घर जाणार, हा पहिला विचार. आणि दुसरा विचार, जो पहिल्याच्या पाठोपाठ, श्वास घ्यायच्या आत आला, तो असा की कुणाचं तरी चुकलं आहे आणि ते माझं नसणार.

बायको रोज सकाळी जमीन पुसायची. बादलीत पाणी, पाण्यात दोन थेंब फिनेल, फडकं घेऊन उकिडवी बसून मागे मागे सरकत, दोन बेडरूम आणि एक हॉल. मी कामावर असलो तरी फिनेलचा वास संध्याकाळपर्यंत टिकायचा. पुरावा समोर होता.

“तुझं पाणी,” मी म्हणालो.

आमची भांडणं वाडीच्या बोलीत व्हायची. इथे ती धुऊन, इस्त्री करून देतो आहे. ती म्हणाली, “फडकं मी इतकं पिळते की माझी मनगटं दुखतात. जमीन पुसून उभी राहीपर्यंत सुकलेली असते.”

“लाकडाला तेवढंही चालत नाही. कागदावर लिहिलंय.”

“कागदावर घट्ट पिळून पुसा असंच लिहिलंय. तूच वाचून दाखवलंस.” मग तिने मला हाताला धरून बेडरूममध्ये नेलं आणि पलंगाखाली वाकून बघायला लावलं. “इथे मी महिना महिना पुसत नाही. पलंग हलवत नाही मी, एकटीला जमत नाही. मग इथे का फुगलंय? बाहेरच्यापेक्षा जास्तच आहे.”

हे बिनतोड होतं. एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच थांबून विचार केला असता. मी म्हणालो, “पाणी पसरतं.”

कंपनीच्या मेन्टेनन्सचे साहेब तपासणीला आले ते ऑक्टोबरात. वयस्कर, सभ्य, हातात फॉर्म. त्यांनी बूट काढले, जमिनीवरून दोन फेऱ्या मारल्या आणि बायकोला इंग्रजीत विचारलं, “मॅडम, हाऊ मेनी टाइम्स मॉपिंग?”

ती म्हणाली, “एव्हरी डे.” ती अभिमानाने म्हणाली, हे मला आजही आठवतं. आमच्याकडे या प्रश्नाचं दुसरं उत्तर देणारी बाई आळशी ठरते.

साहेबांनी पेन उघडलं. त्यांनी मला एवढंच विचारलं की घराच्या रचनेत काही फेरबदल केलेत का, झाकणं वगैरे काढलीत का? फेरबदल म्हणजे घर जाणार, हे कागदावर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, “नो सर.” ते पासष्टीच्या आसपासचे असावेत, खाली वाकून झरोके बघण्याची त्यांची इच्छा दिसली नाही. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं की घरातील गृहिणी रोज ओल्या फडक्याने जमीन पुसते. पुढच्या वर्षीच्या नाताळाच्या आत ते परत येणार होते. तोवर जमीन सपाट झाली तर घर राहील, नाहीतर घर सोडावं लागेल. खाली माझी सही हवी होती. मी केली.

खोटं बोललो असं तेव्हा मला वाटलं नाही, हे विशेष. झाकणं काढली होती हे खरं, पण ती चांगल्यासाठी काढली होती, त्यामुळे तो फेरबदल नव्हता. मी मनात असाच हिशेब जुळवला आणि तो जुळलाही.

त्या दिवसापासून बायकोने पाणी बंद केलं. मेसईदची धूळ तुम्हाला माहीत नसेल. पिठासारखी बारीक वाळू, दार बंद असलं तरी फटीतून आत येणारी. बायको ती नुसत्या केरसुणीने आणि कोरड्या फडक्याने काढायची. दिवसातून तीनदा काढायची. तरी पायाखाली करकर वाजायचंच आणि प्रत्येक करकरीला तिचा चेहरा आंबट व्हायचा. घर आपल्याला स्वच्छ ठेवता येत नाही, ही गोष्ट तिला घर जाण्याच्या भीतीइतकीच खात होती.

मी मात्र फॉर्मात आलो. शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर वसईची चार-पाच कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायची. चहा व्हायचा, गावाकडच्या बातम्या व्हायच्या. त्यातल्या दोघांना नुकतीच आमच्यासारखी घरं मिळाली होती. मी त्यांच्या बायकांना लाकूड या विषयावर व्याख्यान दिलं. लाकूड मेलेलं नसतं, ते पाणी पितं, आपल्या बायकांना पाण्याशिवाय स्वच्छता कळत नाही, वगैरे. “आमच्याकडे येऊन बघा,” मी म्हणायचो, “एका बादलीने काय होतं ते.” लोक येऊन बघूनही गेले. बायको चहा करायची, त्यांच्यासमोर ट्रे ठेवायची आणि ते तिच्या पायाजवळच्या फळ्यांकडे बघून चुकचुकायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली होती. फक्त मी कोरडाही नव्हतो, घराखाली तळं करून बसलो होतो.

थंडी आली. हवा कोरडी झाली, एसी बंद झाला आणि फळ्या हळूहळू खाली बसल्या. अगदी सपाट नाही, पण बऱ्याच. मी म्हणालो, “बघितलंस?” तिने वाकून हात फिरवला आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली. स्वतःबद्दलची.

पुढच्या जुलैत जमीन पुन्हा उठली. ऑगस्टात तर पहिल्या वर्षापेक्षा जास्त. पाण्याचा थेंब घरात पडत नव्हता आणि जमीन उताण्या कौलांसारखी.

आता इथे मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. माझ्या डोक्यात आलं की ही चोरून पुसते. मी कामावर गेलो की बादली काढते. दुसरं काय असू शकतं? मी जेवणाच्या सुट्टीत न सांगता घरी यायला लागलो. गोदामापासून घर कंपनीच्या बसने दहा मिनिटांवर. मी आल्या आल्या न्हाणीघरात जायचो आणि बादलीचा तळ चाचपायचो. एक दिवस दोरीवर फडकं होतं. ते मी हातात घेऊन दाबून बघितलं, ओल लागते का. मग नाकाजवळ नेलं, फिनेलचा वास येतो का ते बघायला.

ती दारात उभी होती.

“हुंगून झालं?” तिने विचारलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातून फडकं घेतलं, परत दोरीवर टाकलं, नीट पसरून, आणि जेवण वाढायला गेली. पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मुलीने एकदा विचारलं, “इज मम्मा सिक?” मी म्हणालो, दमली आहे.

तेवढ्यात बेडरूमचं दार पक्कं अडकलं. कंपनीत तक्रार केली तर साहेब आधीच येतील, म्हणून मी बाहेरचा सुतार शोधला. किनाऱ्यावरच्या समैस्मा गावात मासेमारीच्या लाकडी होड्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, रत्नागिरीकडचे. सगळी हयात फळ्यांत आणि खाऱ्या पाण्यात गेलेली. एका शुक्रवारी सकाळी ते आले. बायको मुलीला घेऊन बसने दोह्याला गेली होती, सूक वाकिफच्या बाजारात मसाले आणायला. घरात मी एकटाच होतो.

चाचांनी दाराकडे बघितलंच नाही. ते खाली बसले आणि एका फळीवर आडवा अंगठा फिरवला. मी सवयीने व्याख्यान सुरू केलं, “त्याचं काय आहे चाचा, आमच्याकडे रोज ओल्या फडक्याने...”

“भाऊ,” ते म्हणाले, “ह्यो वरचा पानी नाय.”

“नाही कसा?”

“वरसून पानी लागला असता तर फली मदी फुगली असती. वरची बाजू फुगते ना. हिच्या कडा उठल्यात. ही खालसून पानी पितेय.” आणि मग त्यांनी विचारलं, “खाली काय हाय?”

मी त्यांना बाहेर नेलं. उघडे झरोके आणि त्यातल्या एकात खुपसलेली एसीची नळी बघून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते सभ्य गृहस्थ होते. मग एवढंच म्हणाले, “टॉर्च हाय का?”

मी झरोक्याशेजारच्या छोट्या दारातून पोटावर रांगत आत गेलो. आत न्हाणीघरासारखा वास होता. नळीखाली वाळूचा चिखल झालेला. मी पाठीवर वळलो आणि टॉर्च वर धरला. माझ्या हॉलच्या जमिनीची उलटी बाजू माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होती आणि तिच्यावर पाण्याचे थेंब लटकत होते. एका ओळीत, प्रत्येक सांध्याला. वर एसीने गार केलेल्या फळ्या, खाली समुद्राची दमट हवा, मी निमंत्रण देऊन आत घेतलेली. गाडीच्या काचेवर ओघळतं तेच पाणी. एक थेंब माझ्या कपाळावर पडला. गोदामात मी ज्या हवेला दार बंद करायचो तिला मी घरी सगळे झरोके उघडून दिले होते. वडिलांचं वाक्य वसईच्या वखारीत खरं होतं, पण त्या वखारीत एसी नव्हता.

मी तिथे चिखलात पडून राहिलो. मला रडू येत होतं. पलंगाखालची जमीन आठवली, बिनतोड.

बाहेर आलो तेव्हा चाचांनी माझ्या सदऱ्यावरची वाळू झटकली. त्यांनीच उपाय सांगितला. नळी बाहेर काढून लांब सोडायची, झाकणं बंद करायची, खालच्या वाळूवर प्लास्टिक अंथरायचं. गोदामात पोत्यांच्या आत घालायचं प्लास्टिक फाटलं की टाकून देत, ते मी मागून आणलं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ते अंथरलं. जॅमची बाटली काढून मी एकेक स्क्रू परत बसवला. जाताना चाचा म्हणाले, “बाईंना सांगा, त्यांचा कायेक कसूर नाय.”

“सांगतो,” मी म्हणालो. मी खरंच सांगणार होतो.

संध्याकाळी ती मसाल्याच्या पिशव्या घेऊन आली, दमलेली. मी ठरवलं, आज नको. मग ठरवलं, जमीन खाली बसते का ते आधी बघू, उगीच खात्रीशिवाय बोलून काय उपयोग. मग ठरवलं, तपासणी होऊन जाऊ दे, नाहीतर तिच्या तोंडून साहेबांसमोर झाकणांचं काही निघून जायचं आणि घर हातचं जायचं. प्रत्येक वेळी कारण नवं आणि उत्तम होतं. बाहेरची नळी तिला दिसली, तेव्हा मी म्हणालो की आत डास होत होते.

डिसेंबरात साहेब आले. बूट काढून फेऱ्या मारल्या. जमीन सपाट होती, कुठे कुठे बारीकशी फट राहिली होती, एवढंच. ते खूष झाले. बायकोकडे वळून म्हणाले, “व्हेरी गुड, मॅडम. नो वॉटर, नो प्रॉब्लेम.” फॉर्मवर लिहिलं, कारण दूर केले. मी सही केली. घर राहिलं.

ते गेल्यावर ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, अनवाणी, आणि पायाने फळ्या चाचपत राहिली. मुलगी आत अभ्यास करत होती. मला वाटलं, आता. आत्ताच सांगायचं. मी तोंड उघडलं, पण आधी ती बोलली.

“मी खूप विचार केला,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी मी जे पाणी मुरवलं ते दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लाकडात राहिलं असणार. पलंगाखाली पण तेच पसरलं असणार. तू म्हणत होतास तेच खरं होतं. मला तुझा राग यायचा रे. फडकं हुंगलंस तेव्हा तर वाटलं, निघून जावं वसईला. आणि खरं म्हणजे मीच आपलं घर घालवणार होते. चुकलं माझं. मला माफ कर.”

ती रडत होती. गेल्या दीड वर्षात ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडत होती. मला शरम वाटली, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे,” मी म्हणालो. “माणूस आहे, चूक होते. मी कधीच माफ केलंय.”